०.०५ मिलिमीटरसाठी स्पेसर दोनदा ग्राइंड केला: रबाळे एमआयडीसीतल्या या मशीन शॉपचा माझा अनुभव

पाच स्टार देतोय आणि का देतोय ते जरा सविस्तर लिहितो, कारण इथे बाकीचे रिव्ह्यू सगळे "गुड वर्क", "नाइस सर्व्हिस" असे दोन-दोन शब्दांचे आहेत आणि मी स्वतः जेव्हा जागा शोधत होतो तेव्हा त्यातून मला काहीच कळलं नव्हतं. लांबण लागेल, ज्यांना फक्त लेथ स्पिंडलचं (मशीनच्या फिरणाऱ्या मुख्य शाफ्टचं) काम करून घ्यायचंय त्यांनी शेवटाकडच्या पॅरात कसं यायचं, वेळ, बिल वगैरे आहे ते वाचा. पण ज्यांच्याकडे रोटरी इंजिन आहे, किंवा कुठलंही इंजिन उघडून परत बांधायचंय आणि शाफ्टचा एण्ड प्ले (शाफ्ट लांबीच्या दिशेने किती सरकतो ते) हा विषय डोक्यात आहे, त्यांनी सगळं वाचा अशी माझी खरंच विनंती आहे.

गाडी मझदा आरएक्स-सेव्हन, दुसऱ्या पिढीची, १३बी इंजिन. ती माझ्याकडे कशी आली ही वेगळीच मोठी गोष्ट आहे, मामांच्या मित्राकडून आली एवढंच सांगतो. इंजिन दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये पूर्ण उघडून बांधून घेतलं होतं. गॅरेजचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, पण माप घेतलं नाही. तीन हजार किलोमीटरच्या आत क्लच दाबला की पुढून घर्रर्र असा आवाज यायला लागला आणि एकदा बॉनेट उघडून बघत होतो, भावाला क्लच दाबायला सांगितला, तर पुढची पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली. डोळ्याला! जिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब असतो तिथे डोळ्याला दिसणं म्हणजे काय ते समजून घ्या. त्याच दिवशी गाडी बंद केली.

आता ज्यांना रोटरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. यात पिस्टन नाहीत. फुगीर बाजूंचे दोन त्रिकोणी रोटर असतात, प्रत्येकाचं ६५४ सीसी, म्हणून १३०८ आणि म्हणून नाव १३बी. मधून एक शाफ्ट जातो, त्याच्यावर रोटरसाठी केंद्रापासून १५ मिमी सरकवलेले गोल भाग असतात, म्हणून त्याला एक्सेंट्रिक शाफ्ट म्हणतात. रोटर एकदा फिरतो तेवढ्यात शाफ्ट तीनदा. शाफ्ट वर-खाली हलू नये म्हणून पुढे-मागे मेन बेअरिंग आहेत, पण शाफ्ट लांबीच्या दिशेने, म्हणजे गिअरबॉक्सकडून पुलीकडे, किती सरकू शकतो हे सगळं फक्त पुढच्या टोकाला ठरतं. तिथे दोन थ्रस्ट प्लेट, दोन चपटी नीडल बेअरिंग, त्यांच्या मध्ये इंजिनला बोल्टने पक्कं केलेलं एक बेअरिंग हाउसिंग, आणि या सगळ्याच्या पोटातून जाणारी साधारण ८ मिमी जाडीची एक स्टीलची रिंग, तिला म्हणतात स्पेसर. पुढचा मोठा बोल्ट आवळला की दोन्ही थ्रस्ट प्लेट त्या स्पेसरवर घट्ट दाबून बसतात, म्हणजे दोन प्लेटमधलं अंतर बरोबर स्पेसरच्या जाडीइतकं. आणि त्या अंतरात हाउसिंग आणि दोन बेअरिंग बसून जी फट उरते तो एण्ड प्ले. म्हणून स्पेसर जाड तर प्ले जास्त, स्पेसर पातळ तर प्ले कमी. बहुतेक जण पहिल्यांदा उलटं समजतात, मीही उलटंच समजलो होतो.

मझदाच्या मॅन्युअलप्रमाणे हा प्ले ०.०४ ते ०.०७ मिमी हवा, आणि ०.०९ च्या वर गेला तर दुरुस्त करायलाच पाहिजे. चाळीस ते सत्तर मायक्रॉन. वहीच्या कागदाचं एक पान शंभराच्या आसपास भरतं, म्हणजे त्याहून कमी. कमी झाला तर नीडलमध्ये तेलाला जागा राहत नाही आणि बेअरिंग जळतं, जास्त झाला तर प्रत्येक वेळी क्लच दाबल्यावर फ्लायव्हीलसकट शाफ्ट पुढे आपटतो.

आमचं इंजिन उघडलं तेव्हा आतलं नीडल बेअरिंग चेपलेलं निघालं, पिंजरा वाकडा, थ्रस्ट प्लेटवर नीडलचे चरे. कारण मला नंतर कळलं. ही बेअरिंग स्पेसरच्या बाहेरच्या गोलावर नुसती टेकलेली असतात, इंजिन आडवं ठेवून पुढचं हब आणि बोल्ट बसवायला गेलं की बेअरिंग स्पेसरवरून खाली घसरतं, आणि मग बोल्ट आवळताना स्पेसर आणि प्लेट यांच्या मध्ये चिमटतं. बाहेरून काहीही दिसत नाही. बोल्ट टॉर्कला बसतो, इंजिन फिरतं, सुरूही होतं. फक्त कोणीतरी डायल गेज (इतकी बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावून बघितलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं.

तर या वेळी मी आणि माझा मित्र, आम्ही दोघांनी रोटर, सील, हाउसिंग हे सगळं घरी कोपरीला शेडमध्ये स्वतः बांधलं, नवीन बेअरिंग आणि नवीन थ्रस्ट प्लेट मागवल्या, आणि पुढच्या टोकाचं काम मात्र ज्याच्याकडे मापाची शिस्त आहे अशा माणसाकडेच करायचं असं ठरवलं. चार-पाच इंजिनवाल्यांना विचारलं. एकाने सांगितलं की हाताने हलवून बघायचं, थोडं टक् असं वाजलं की बरोबर. त्याच्या हाताला असेल तो अंदाज, पण मला एकदा फटका बसलेला होता. मग मित्राच्या कंपनीतल्या मेंटेनन्सवाल्याने ही जागा सांगितली, म्हणाला इंजिनवाले नाहीत ते, स्पिंडल रिपेअर करतात, लेथचे, मिलिंगचे, ग्राइंडरचे स्पिंडल, पण शाफ्ट पुढेमागे किती सरकतो हेच त्यांचं रोजचं काम आहे. हे वाक्य ऐकलं आणि मी दुसऱ्या दिवशी रबाळेला आलो.

पहिल्या दिवशी काकांनी काम घेतलं नाही. (मालकांना सगळे काकाच म्हणतात, मुलगा ग्राइंडर बघतो त्याला दादा.) म्हणाले, "रोटरी मी कधी हातात घेतलेलं नाही. मॅन्युअल आहे का? ठेवून जा, उद्या सकाळी सांगतो जमेल का ते." मी प्रिंट काढलेला सगळा गठ्ठा ठेवून गेलो. सकाळी आलो तर त्यांनी एका कागदावर पुढच्या टोकाचा उभा छेद स्वतः पेन्सिलने काढून ठेवला होता, प्रत्येक तुकडा कुठे टेकतो आणि कुठे टेकत नाही ते बाण करून, आणि मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "बोल्ट न आवळता माप घेतलं तर चुकणार ना रे हे? प्लेट स्पेसरवर दाबल्याच गेल्या नाहीत तर फट कुठली खरी?" अगदी बरोबर. एका रात्रीत वाचून त्यांनी जिथे लोक चुकतात तेवढंच नेमकं पकडलं होतं. मी तिथेच हो म्हटलं.

मग शनिवारी छोट्या हत्तीत स्टँडसकट इंजिन घालून कळवा, विटावा, ऐरोली करत आणलं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जे होतं ते झालंच, पाऊण तास गेला, त्यावर इथे लिहीत नाही.

आल्या आल्या काकांनी काय केलं असेल तर डायलला हातही लावला नाही. आधी सगळे तुकडे केरोसीनमध्ये धुतले, हवेने फुंकले, आणि ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर एकेक ठेवून तपासले. स्पेसरच्या एका कडेला बारीक बर (धातूची वर आलेली धार) होता, नखाला जेमतेम लागेल असा, तो ऑइल स्टोनने काढला. म्हणाले हाच बर प्लेटच्या आणि स्पेसरच्या मध्ये बसला असता आणि तुझा प्ले वाढलेला दिसला असता, आणि दोनशे किलोमीटरनंतर तो दबून प्ले बदलला असता. मग मायक्रोमीटरने स्पेसर चार ठिकाणी मोजला, चारही ठिकाणी सारखा. दोन्ही नीडल बेअरिंग मोजली. आकडे त्याच पेन्सिलच्या चित्रावर लिहिले. हे सगळं होईपर्यंत साडेअकरा वाजले होते आणि खरं सांगतो मला घाई होती, टेम्पोवाला दर अर्ध्या तासाने फोन करत होता, पण काकांना कुणाचीच घाई नव्हती.

बसवताना इंजिन उभं, पुढची बाजू वर आकाशाकडे. नीडल बेअरिंग व्हॅसलीनने चिकटवली, मेडिकलमधलं साधं पेट्रोलियम जेली, ते नंतर गरम तेलात विरघळून जातं. हब हाताने खाली सोडला, जोर लावला नाही, टेकल्यावर थोडा फिरवून बघितला की अडकल्यासारखं काही लागतंय का. मगच बोल्ट, मगच टॉर्क पान्हा. बोल्ट पक्का झाल्याशिवाय इंजिन आडवं करायचं नाही हे त्यांनी हाताखालच्या पोराला दोनदा बजावलं, कारण एकदा आवळल्यावर बेअरिंगला घसरायला जागाच राहत नाही, पण त्याच्या आधी आडवं केलं तर आमचं मागच्या वेळी झालं तेच. फ्लायव्हील आम्ही आधीच बसवून आणलं होतं, त्याच्या ५४ मिमीच्या नटाला जवळजवळ चारशे न्यूटन मीटर टॉर्क लागतो, त्याची सॉकेट आणि लांब दांडा माझ्या मित्राकडे होता.

मग डायल गेज. इथे एक गंमत सांगतो, म्हणजे शिकण्यासारखी गोष्ट. पोराने मॅग्नेटिक स्टँड नेऊन लावला रोटर हाउसिंगवर, तो चिकटेचना, घसरून खाली. काका लांबूनच म्हणाले, "अरे ते अ‍ॅल्युमिनियम आहे, बीडावर लाव." १३बीमध्ये ज्या दोन हाउसिंगमध्ये रोटर फिरतात ती अ‍ॅल्युमिनियमची आणि त्यांच्या पुढच्या, मधल्या, मागच्या आडव्या प्लेट बीडाच्या, म्हणजे कास्ट आयर्नच्या. तर स्टँड मागच्या बीडाच्या प्लेटवर. डायलची दांडी फ्लायव्हीलच्या तोंडाला काटकोनात, आणि कडेला नाही, जितकी मधल्या नटाच्या जवळ जाईल तितकी, कारण ढकलताना फ्लायव्हील किंचित जरी कललं तरी कडेला ते कलणंसुद्धा काट्यावर दिसतं आणि आपण त्याला एण्ड प्ले समजतो.

फ्लायव्हील पुढे दाबून काटा शून्यावर, मग मागे ओढून वाचायचं. पहिलं वाचन ०.११. दुसरं ०.१२. तिसरं ०.११.

मला आकडा बघूनच धस्स झालं, कारण बेअरिंग आणि थ्रस्ट प्लेट नवीन घातल्या होत्या. पण काकांना ०.११ ची काळजीच नव्हती, त्यांना मधल्या ०.१२ चा राग आला होता. एक घर (डायलवरचं ०.०१ मिमी) कुठून आलं? स्टँडचे सगळे सांधे हाताने तपासले, आडव्या दांड्याचा एक स्क्रू किंचित ढिला निघाला, तो आवळला. परत पाच वेळा. ०.११, ०.११, ०.११, ०.११, ०.११. तेव्हा कुठे त्यांनी तो आकडा चित्रावर लिहिला. मी इतक्या गॅरेजमध्ये उभा राहिलोय, आकडा नको तसा आला म्हणून परत मोजणारे पाहिलेत, पण दोन आकडे जुळत नाहीत म्हणून परत मोजणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

०.११ म्हणजे स्पेसर जाड पडला. मझदा हे स्पेसर वेगवेगळ्या जाडीचे देते, त्यांच्यावर इंग्रजी अक्षराचा शिक्का असतो, माप बघून योग्य अक्षराचा घ्यायचा. आमच्या इंजिनात मागच्या गॅरेजने हाताला लागेल तो घातला असणार, दुसरं कारण मला दिसत नाही. नवीन मागवायचा म्हणजे परदेशातून, काही आठवडे, आणि आल्यावर तो अगदी बरोबर बसेलच असं नाही. दुसरा रस्ता म्हणजे हाच स्पेसर घासून पातळ करायचा. परदेशात रोटरीवाले काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हाताने घासतात, पण त्यात दोन्ही तोंडं समांतर राहतीलच याची खात्री नाही. इथे सरफेस ग्राइंडर समोरच उभा होता.

हिशोब सरळ होता, ०.०६ काढले की ०.०५ राहतात, मर्यादेच्या साधारण मध्ये. मी म्हटलं, "काका, एकदमच सहा काढून टाका ना." त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी घरी जाऊन लिहून ठेवलंय. म्हणाले, "आधी चारच काढू. चार काढल्यावर डायलवर बरोबर चार कमी झाले तर आपलं मोजणं खरं. तीनच कमी झाले किंवा सहा कमी झाले, तर आपण मोजतोय ते स्पेसरचं नाहीये, दुसरंच काहीतरी आहे, आणि मग स्पेसर कितीही घासला तरी उपयोग नाही."

म्हणजे बघा, त्यांच्यासाठी ती पहिली घासणी स्पेसर पातळ करायला कमी आणि डायलची परीक्षा घ्यायला जास्त होती. चिमटलेलं बेअरिंग असेल, मधे घाण असेल, बोल्ट पूर्ण बसला नसेल, तर हे सगळं डायलवर प्ले म्हणूनच दिसणार, तो काटा तुम्हाला कारण सांगत नाही. कारण शोधायचा एकच उपाय, जे तुम्हाला माहीत आहे ते एका ठरावीक मापाने बदला आणि बघा आकडा तितकाच बदलतो का.

दादाने स्पेसर मॅग्नेटिक चकवर लावला, कूलंट सुरू, एकेका पासला काही मायक्रॉन, शेवटचे दोन-तीन पास चाक खाली न आणता नुसतेच, ठिणगी थांबेपर्यंत. मग डीमॅग्नेटायझरवरून फिरवला. हे मी विचारलंच, कारण मला माहीत नव्हतं. मॅग्नेटिक चकवरून काढलेल्या स्टीलमध्ये थोडं चुंबकत्व उरतं, आणि हा तुकडा जाऊन बसणार नीडल बेअरिंगच्या बरोबर मध्ये, तेलात जी काही लोखंडाची बारीक कीस फिरत असते ती सगळी तो स्वतःकडे ओढून बेअरिंगला खायला घालणार. हातांनी काचेवर घासणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही, पण ग्राइंडरवर करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायची गोष्ट आहे ही. गार व्हायला पंधरा मिनिटं सरफेस प्लेटवर ठेवला. आठ मिलिमीटरच्या स्टीलमध्ये वीस डिग्रीने दोन मायक्रॉनचासुद्धा फरक पडत नाही, हे काकांना माहीत होतं, तरी ठेवला. परत चार ठिकाणी मायक्रोमीटर, चारही ठिकाणी ०.०४ कमी.

मग परत इंजिन उभं, परत व्हॅसलीन, परत हब, बोल्ट, टॉर्क, आडवं, बीडावर स्टँड, डायल. ०.०७. पाच वेळा ०.०७.

खरं तर इथेच थांबता आलं असतं. मॅन्युअलमध्ये ०.०७ चालतो. टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत होता. मी काकांकडे बघितलं, काका म्हणाले "हा काठावरचा आहे, आतले सगळे भाग नवीन आहेत, थोडे बसतील, झिजतील, प्ले वाढतच जाणार, कमी होणार नाही. नवीन बांधताना काठावर कशाला ठेवायचं?" आणि परत सगळं उतरवलं. परत ग्राइंडर, या वेळी ०.०२. परत डीमॅग्नेटाइझ, परत मोजणी, परत उभं. संध्याकाळी साडेचारला काटा पाच घरं गेला आणि थांबला. पाच वेळा पाच घरं. शेवटचं वाचन त्यांनी मला घ्यायला लावलं, "गाडी तुझी आहे, तुझ्या हाताने ढकल आणि तुझ्या डोळ्याने बघ." पूर्ण दिवसात मधे जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सोडली तर कोणी बसलं नाही. जेवायला त्यांच्याच डब्यातली भाकरी आणि मेथी मला दिली, तेव्हा त्यांनी हे असलं इंजिन मुळात कोणी शोधून काढलं ते विचारलं. मी सांगितलं की कल्पना फेलिक्स वँकेल नावाच्या जर्मन माणसाची, पण १९६७ साली कॉस्मो स्पोर्टपासून हिरोशिमाच्या मझदाने ते टिकवलं आणि १९९१ ला चार रोटरच्या गाडीने ल मान्सची चोवीस तासांची रेस जिंकली. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले चोवीस तास, म्हणजे त्यांचा तो स्पेसर कोणीतरी किती नीट मोजला असेल.

काय करत नाहीत तेही सांगतो म्हणजे कोणी उगीच खेटे घालायला नको. हे इंजिन उघडत नाहीत, सील, गॅस्केट, ट्यूनिंग काही नाही. सुटे भाग विकत नाहीत. तुम्ही तुकडा आणा किंवा बांधलेलं इंजिन स्टँडवर आणा, मॅन्युअलमधलं त्या मापाचं पान आणा, ते मोजून देतील, ग्राइंड करून देतील, बसवून दाखवतील. पान नसेल तर काम घेणार नाहीत, माझ्यासमोर एका बुलेटवाल्याला परत पाठवला कारण त्याला प्ले किती हवा हेच माहीत नव्हतं. त्याला वाईट वाटलं असेल पण मला ते पटलं.

तक्रारी आहेत, त्या लिहायलाच पाहिजेत. फोन उचलत नाहीत, ग्राइंडर चालू असताना ऐकूच येत नाही, मेसेज टाकून ठेवा, संध्याकाळी सहानंतर उत्तर येतं. बसायला जागा नाही, दारात एक स्टूल आहे बस. समोरच्या गल्लीत ट्रक उभे असतात, गाडी लावायला जागा मिळत नाही, सरळ ट्रेनने या, ट्रान्स हार्बरवर रबाळे स्टेशनला उतरून रिक्षा. पावसात गेटसमोर पाणी साचतं, इंजिन आणणार असाल तर टेम्पो आतपर्यंत येतो का ते आदल्या दिवशी विचारा. शुक्रवारी बंद. आणि बिल मला आठवडाभराने मिळालं, दोनदा मागावं लागलं, कंपनीच्या नावाने काम करून घेणाऱ्यांना हा त्रास होऊ शकतो, त्यात सुधारणा करावी ही दादाला विनंती. पैसे ऑनलाइन घेतात. रक्कम इथे लिहीत नाही कारण प्रत्येकाचं काम वेगळं, पण दिवसभर तीन माणसं, तीनदा बांधणी, दोनदा ग्राइंडिंग, आणि हे सगळं मिळून मी मागच्या गॅरेजला जी मजुरी दिली होती तिच्या एक चतुर्थांशही झालं नाही. मीच थोडे जास्त घ्या म्हटलं, घेतले नाहीत.

त्या पेन्सिलच्या चित्राची झेरॉक्स त्यांनी मला दिली, मूळ कागद स्वतःकडे ठेवला. त्यावर तारीख, तिन्ही बांधण्यांचे आकडे, स्पेसरची चार ठिकाणची मापं, सगळं आहे. उद्या हे इंजिन दुसऱ्या कोणी उघडलं तर त्याला स्पेसर कुठून सुरू झाला आणि कुठे थांबला ते कळेल. माझ्याकडे गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये तो कागद पहिल्या पानावर आहे.

इंजिन गाडीत बसल्यावर कॉम्प्रेशन बघितलं. रोटरीचं कॉम्प्रेशन २५० आरपीएमला सहा किलोच्या खाली जायला नको आणि एकाच रोटरच्या तीन बाजूंमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक नको. आमचं सहाही चेंबरचं सात किलोच्या आसपास आलं, ते आमच्या बांधणीचं श्रेय, या शॉपचं नाही, पण लिहितोय कारण कुणीतरी विचारेलच.

आता बाराशे किलोमीटर झाले. बहुतेक ठाणे ते बेलापूर आणि परत, दोनदा लोणावळा. मागच्या रविवारी परत माप घेतलं, हे इंजिन गाडीत असतानाही करता येतं आणि प्रत्येक रोटरीवाल्याने वर्षातून एकदा करावं असं मला वाटतं. डायल पुढच्या पुलीच्या तोंडावर, मधल्या बोल्टच्या जवळ. स्टँड गाडीच्या चासीवर लावायचा नाही, क्लच दाबला की इंजिन स्वतःच माउंटवर हलतं आणि ते सगळं डायलवर येतं, आणि पुढचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिथे मॅग्नेट बसत नाही. लांब दांडा घेऊन बाजूने पुढच्या बीडाच्या प्लेटवर मॅग्नेट लावला. बहिणीला सीटवर बसवलं, सांगितलं हळू दाब, हळू सोड. ती विचारत होती अजून किती वेळा, मी म्हटलं पाच वेळा तरी. पाचही वेळा काटा पाच घरं गेला आणि परत शून्यावर आला. त्याचा फोटो काकांना पाठवला, संध्याकाळी सहानंतर उत्तर आलं, "स्टँड बीडावर लावला होतास ना?"